स्क्रीनवर स्वच्छ, कागदावर बिघडलेली: घरच्या फोटोंची कॉमिक छापताना येणारा दोष कसा शोधावा

गणपतीत वाडीवर जमलेल्या घरच्या माणसांचे फोटो, शिमग्याच्या पालखीचे फोटो, आजीच्या लग्नातला एकुलता एक कृष्णधवल फोटो, यांची आठ किंवा बारा पानांची कॉमिक घरच्या कॉम्प्युटरवर करता येते. सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही. फोटोला चित्राचं रूप द्यायला गिम्प आणि पानं मांडून संवादाचे फुगे लिहायला इंकस्केप, दोन्ही फुकट मिळतात. काम अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. स्क्रीनवर देखणं दिसणारं पान कागदावर उतरलं की धुरकट, काळपट किंवा मोडक्या अक्षरांचं होतं. रत्नागिरी असो की सावंतवाडी, हाच दोष पुन्हा पुन्हा समोर येतो आणि दर वेळी पहिला संशय प्रिंटरवर घेतला जातो. प्रिंटर दोषी असतो, पण क्वचित. बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा झालेला असतो: फोटोला चित्राचं रूप देणारा फिल्टर आधी लावला, आकार नंतर बदलला.

लक्षणं

आपल्या पानावर नेमकं काय दिसतंय ते आधी ओळखा, कारण प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळं आहे.

- चेहरे धूसर, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या: फोटोत पिक्सेल कमी पडले आहेत.
- एका पॅनेलमध्ये (पानावरच्या चौकटीत) काळ्या रेषा जाड, शेजारच्यात केसाइतक्या बारीक: फिल्टर वेगवेगळ्या आकारांच्या फोटोंवर लावला आहे.
- जुन्या कॉमिकसारख्या ठिपक्यांच्या छटेवर लाटा किंवा चौकटी: ठिपके टाकल्यावर चित्र लहानमोठं केलं आहे.
- माणसं ठीक, पण मागची जांभ्याची भिंत आणि माडाच्या झावळ्या काळ्या गिचमिड रेषांनी भरलेल्या: फिल्टरने पोतालाच रेषा समजून घेतलं आहे.
- फुग्यात वेलांटी सुटलेली, शिरोरेषा तुटलेली, चौकोन किंवा भलतीच रोमन अक्षरं: फॉन्टचा किंवा टाइपिंगचा दोष.
- सगळं पानच काळवंडलेलं: स्क्रीन गरजेपेक्षा उजळ ठेवली आहे.
- आडव्या पांढऱ्या रेघा, शाई फुटलेली, कागद वाकलेला: इथे मात्र प्रिंटर किंवा कागद.

पहिली तपासणी: पीडीएफ ३०० टक्क्यांवर बघा

एक कागदही खर्च न करता दोष फाइलमध्ये आहे की प्रिंटरमध्ये, ते इथे कळतं. छापायला दिलेली पीडीएफ उघडा आणि झूम ३०० टक्के करा. साध्या मॉनिटरवर एका इंचात साधारण ९६ पिक्सेल बसतात, चांगल्या छपाईत एका इंचात ३०० लागतात. म्हणजे ३०० टक्क्यांवर जे दिसतं, तेच प्रिंटरच्या हाती जातं. पूर्ण पान एका नजरेत बघताना कॉम्प्युटर ते आकसून दाखवतो, आणि आकसलेलं चित्र नेहमीच टोकदार दिसतं. स्क्रीनवर स्वच्छ दिसण्याचं रहस्य एवढंच आहे.

३०० टक्क्यांवर चेहरा धूसर असेल, तर शाई बदला, कागद बदला, दुकान बदला, काही उपयोग नाही. दोष फाइलमध्ये आहे. तिथे चेहरा लख्ख असेल, तर मधल्या तपासण्या सोडा: पान काळवंडलेलं असेल तर सातव्या तपासणीकडे, नाहीतर थेट आठव्या, कागद आणि प्रिंटरच्या तपासणीकडे जा.

दुसरी तपासणी: पिक्सेल मोजा

विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'डिटेल्स'मध्ये रुंदी-उंची बघा. मग एकच गुणाकार लक्षात ठेवा: पॅनेलची रुंदी सेंटीमीटरमध्ये गुणिले ११८. तेवढे पिक्सेल असतील तर छपाई ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) होते. गुणिले ७९ केलं तर २०० पीपीआय. कॉमिकसाठी तेही चालतं, त्याखाली जाऊ नका.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. १६०० भागिले ११८ म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. हे ऐकायला पुरेसं वाटतं आणि तिथेच फसगत होते, कारण पॅनेलमध्ये आपण अख्खा फोटो टाकत नाही. आरतीच्या फोटोत पंधरा माणसं असतात. त्यातून काकीचा चेहरा कापून घेतला तर तो जेमतेम ९० ते १०० पिक्सेल रुंद निघतो. छापताना त्याची हक्काची जागा एक सेंटीमीटरही भरत नाही आणि आपण तो सहा सेंटीमीटरवर ताणतो. सहा सेंटीमीटरला ७०८ पिक्सेल हवेत. म्हणून मोजायचं ते कापलेल्या तुकड्याचं माप, मूळ फोटोचं नव्हे. गिम्पमध्ये क्रॉपची चौकट ओढली की तिचं माप टूल ऑप्शन्समध्ये आकड्यांत दिसतं.

स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून वापरलेला फोटो असेल तर तो बाजूला ठेवा. त्यात फोटोपेक्षा फोनच्या पट्ट्याच जास्त असतात.

तिसरी तपासणी: मूळ फोटो मागवा

याला खर्च फक्त एका फोनचा. ज्याच्या फोनने फोटो काढला त्याच्याकडूनच मागा, ग्रुपवर फिरून आलेला घेऊ नका. पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा: चॅटमधलं जोडणीचं चिन्ह, 'डॉक्युमेंट', मग फाइल निवडायची. तसं केलं की फाइल जशीच्या तशी येते. 'एचडी'चं बटण दाबल्यावर आकार वाढतो, पण आकुंचन होतंच. मुंबईचे चाकरमानी परत जाण्याआधी पेन ड्राइव्हवर फोटो उतरवून घेता आले तर त्यासारखं काही नाही. गणपती संपला, गाड्या सुटल्या की मूळ फोटो दहा फोनमध्ये विखुरतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे जागा करण्यासाठी पुसले जातात.

चौथी तपासणी: कामाचा क्रम

सर्वांत जास्त पानं बिघडतात ती इथे, म्हणून हे सविस्तर.

गिम्पमधला कार्टून फिल्टर ('फिल्टर्स', 'आर्टिस्टिक', 'कार्टून') चित्रातल्या गडद कडा शोधून त्या काळ्या करतो. त्याची 'मास्क रेडियस' ही किंमत पिक्सेलमध्ये असते. ४००० पिक्सेलच्या फोटोवर ७ लावलं तर रेषा फोटोच्या मानाने बारीक येते. ८०० पिक्सेलच्या फोटोवर तेच ७ लावलं तर जाड काळा पट्टा येतो. मग दोन्ही एकाच मापाच्या पॅनेलमध्ये बसवले की एक पॅनेल पेनाने काढल्यासारखं आणि दुसरं कोळशाने काढल्यासारखं दिसतं. किंमत सारखी ठेवली होती, तरी असं का, हा प्रश्न इथूनच येतो.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. लहान फोटोवर आधी रेषा काढून मग तो मोठा केला, तर रेषाही फोटोसारखीच धूसर होते. उलट, फोटो आधी छपाईच्या पूर्ण मापाला आणून मग फिल्टर लावला, तर रंग थोडे मऊ राहिले तरी काळी रेषा छपाईच्या पूर्ण बारकाव्याने तयार होते, आणि डोळा रेषेवर विश्वास ठेवतो. व्हॉट्सॲपवरचा एकुलता एक फोटो वाचवायचा असेल तर हाच मार्ग. दुपटीपर्यंत मोठं केलेलं यात खपून जातं. त्यापलीकडे चेहऱ्याची ओळख जाऊन मुखवटा दिसायला लागतो. तेव्हा त्या माणसाचा क्लोजअप करू नका. घोळक्याचं पॅनेल ठेवा आणि फुग्याची शेपटी त्याच्याकडे न्या.

तर क्रम असा. आधी पानाची आखणी. ए४ पानाला चारी बाजूंनी एक सेंटीमीटर समास सोडला की १९ बाय २७.७ सेंटीमीटर उरतात. दोन रांगा उभ्या, तीन आडव्या, मधल्या फटी ५ मिलिमीटरच्या धरल्या तर प्रत्येक पॅनेल ९.२५ बाय ८.९ सेंटीमीटरचं होतं, म्हणजे १०९२ बाय १०५० पिक्सेल. सगळीच पॅनेलं सारखी ठेवायची गरज नाही. दोन जोडून एक रुंद केलं तर त्याचं माप १९ सेंटीमीटर, म्हणजे २२४२ पिक्सेल. ही मापं कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी ठेवा.

मग प्रत्येक फोटो त्याच गुणोत्तरात क्रॉप करा, 'इमेज', 'स्केल इमेज'मध्ये जाऊन नेमक्या पिक्सेलला आणा आणि तिथेच रिझोल्यूशन ३०० टाका. यानंतर मापाला हात लावायचा नाही. आता कार्टून फिल्टर: 'मास्क रेडियस' ७ ते १०, 'पर्सेंट ब्लॅक' (काळं किती करायचं) ०.१५ ते ०.२०. सगळ्या पॅनेलना एकच किंमत ठेवा. त्यानंतर हवं तर 'कलर्स'मधलं 'पोस्टराइझ', ते रंगांच्या छटा मोजक्या पातळ्यांवर आणतं, ६ ते ८ पातळ्या. ४ पातळ्यांवर आपल्याकडची सावळी कातडी डाग पडल्यासारखी दिसते, गालावर तपकिरी बेटं उमटतात. चेहरा प्रिय असेल तर पोस्टराइझ वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या थरावर, करून त्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्क्यांवर आणा.

जुन्या छापील कॉमिकसारखे ठिपके हवे असतील तर ते अगदी शेवटी: 'फिल्टर्स', 'डिस्टॉर्ट्स', 'न्यूजप्रिंट', पिरियड (ठिपक्यांमधलं अंतर) १० ते १२ पिक्सेल. ३०० पीपीआयला १० पिक्सेलचा ठिपका म्हणजे इंचाला ३० ठिपके, डोळ्याला सहज दिसतात. ठिपके टाकल्यावर चित्र दोन टक्के जरी लहान केलं तरी ठिपक्यांची रांग पिक्सेलच्या रांगेशी जुळेनाशी होते आणि लाटा उठतात. आकाश, भिंत, साडीचा पदर यांवर ठिपके शोभतात. चेहऱ्यावर टाळा.

साठवताना कामाची फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफमध्ये ठेवा आणि पॅनेल पीएनजीमध्ये एक्सपोर्ट करा. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून आकुंचन करतो. फोटोत ते लपतं, पण पांढऱ्यावरच्या काळ्या रेषेभोवती मळकट कण उरतात. छापल्यावर ते कण फुगलेले दिसतात.

जांभा आणि झावळ्या

कोकणातल्या फोटोंचा हा खास त्रास आहे. तासलेल्या जांभ्याला हजार खळगे, प्रत्येकात एक सावली. माडाच्या झावळीची प्रत्येक पाती म्हणजे एक गडद कड. कौलं तशीच. कार्टून फिल्टरला हे सगळं रेषांचं रान दिसतं आणि तो इमानेइतबारे सगळं काळं करतो. 'पर्सेंट ब्लॅक' कमी करून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग भिंतीबरोबर माणसाच्या डोळ्यांच्या आणि ओठांच्या रेषाही जातात.

उपाय: फोटोचा लेयर डुप्लिकेट करा. खालच्या लेयरवर 'फिल्टर्स', 'ब्लर', 'सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर' लावा. रेडियस ५ ते ८ ठेवा आणि 'मॅक्स डेल्टा' ०.२ पासून सुरू करून भिंतीचे खळगे विरघळेपर्यंत वाढवा. हा ब्लर मोठ्या कडा राखतो आणि बारीक पोत पुसतो. वरच्या लेयरवर फक्त माणसं ठेवा: लेयर मास्क (लेयरचा भाग झाकणारा पडदा) जोडून मऊ ब्रशने मागची भिंत काळ्या रंगाने झाका. आता दोन्ही लेयर्सना कार्टून फिल्टर वेगवेगळा द्या, माणसांना ०.२०, भिंतीला ०.०५. दगडाच्या सांध्यांच्या रेषा राहतात, खळगे जातात. एका पॅनेलला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ती वसूल होतात. कारण वाचणाऱ्याने भिंत ओळखावी, पण थांबावं माणसापाशी.

पडवीत उभ्या माणसांमागे अंगणाचा लख्ख उजेड असेल तर चेहरे आधीच काळे असतात. तिथे फिल्टरच्या आधी 'कलर्स', 'शॅडोज-हायलाइट्स'मध्ये सावल्या उजळून घ्या. नंतर उजळायला गेलात तर काळ्या रेषाही राखाडी होतात.

पाचवी तपासणी: फुग्यातलं मराठी

गिम्प आणि इंकस्केप दोन्ही देवनागरी नीट जुळवतात, त्यामुळे दोष बहुधा फॉन्टमध्ये किंवा सेटिंगमध्ये सापडतो. तपासायला हे वाक्य फुग्यात लिहा: 'कोऱ्या पिशवीत सुक्या बांगड्यांचा गठ्ठा, उग्र वासानं अर्धी वाडी जागी!' यात ऱ्या, पि, क्या, ठ्ठा, ग्र, र्धी अशा अडणाऱ्या जागा एकत्र येतात. हे सरळ दिसलं तर बाकीचं दिसेल.

रोमन अक्षरांचा कचरा दिसत असेल तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं फक्त तोच फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर वाचता येतं. दुकानात फाइल उघडली की संपलं. विंडोजचा मराठी कीबोर्ड, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, चालू करून नव्याने टाइप करा. फॉन्ट युनिकोड घ्या. गूगल फॉन्ट्सवर कलम, बालू २, मुक्ता हे मोफत आहेत. संवादाला कलम फार चांगला, हाताने लिहिल्यासारखा आणि तरी वाचायला सोपा. 'धडाम', 'छपाक' अशा आवाजांना मोदक. फॉन्ट बसवला तरी यादीत दिसत नसेल तर फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

शिरोरेषा तुटत असेल तर अक्षरांमधलं अंतर तपासा. रोमन लिपीत अक्षरं थोडी सैल केली तर चालतं. देवनागरीत तेवढ्यानेच प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषेला खिंडार पडतं. इंकस्केपच्या टेक्स्ट पट्टीत 'लेटर स्पेसिंग' शून्य हवं. दोन्ही बाजूंनी जुळवलेला परिच्छेद फुग्यात वापरू नका, मजकूर मध्यावर घ्या.

अक्षराला बाहेरून पांढरी किंवा काळी किनार दिली की काना-मात्रांच्या सांध्यात आतल्या रेघा दिसतात, कारण देवनागरी अक्षर अनेक तुकड्यांचं बनतं आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र किनार मिळते. 'फिल अँड स्ट्रोक'च्या 'स्ट्रोक स्टाइल'मध्ये 'ऑर्डर' बदलून किनार खाली आणि रंग वर घ्या, रेघा झाकल्या जातात.

अक्षरं धूसर आली असतील तर फाइलचं रिझोल्यूशन बघा. १२ पॉइंटचं अक्षर ३०० पीपीआयला ५० पिक्सेल उंच जागा घेतं, ७२ पीपीआयच्या फाइलमध्ये फक्त १२. बारा पिक्सेलात शिरोरेषा, रफार आणि उकार मावत नाहीत. म्हणूनच मजकूर गिम्पमध्ये न लिहिता इंकस्केपमध्ये लिहावा, तिथे अक्षर पिक्सेलमध्ये अडकत नाही. पीडीएफ काढताना 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स' निवडा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट असो वा नसो, अक्षर बदलणार नाही. त्याआधी इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल वेगळी जपून ठेवा, कारण पाथ केलेल्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक नंतर सुधारता येत नाही.

फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटत असतील तर जुन्या आवृत्तीत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांना आधार देणारं टेक्स्ट इंजिन निवडा, परिच्छेदाच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी' रचना लावा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा.

मापाचं म्हणाल तर ए४ पानावर ११ ते १२ पॉइंट, आजी-आजोबा वाचणार असतील तर १३. ओळींमधलं अंतर १.३. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा आणि आत ४ मिलिमीटर मोकळे ठेवा. उलट केलं तर खालचे उकार फुग्याच्या कडेला चिकटतात. एका फुग्यात बारा-पंधरा शब्द पुरे. आणि घरात मालवणी बोलत असतील तर फुग्यात 'कुठे निघालास?' लिहू नका, 'खंय चललास?' असंच लिहा. माणूस चेहऱ्याइतकाच बोलण्यावरूनही ओळखू येतो.

सहावी तपासणी: एक्सपोर्टची सेटिंग

पानं वर्डमध्ये मांडली असतील तर वर्ड फाइल साठवताना चित्रांचं रिझोल्यूशन आपणहून कमी करतो. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इमेज साइज अँड क्वालिटी' शोधा आणि 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण करा. ही खूण चित्रं टाकण्याआधी करायची. आधीच घटलेली चित्रं परत येत नाहीत, ती पुन्हा टाकावी लागतात. लिबरऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफच्या चौकटीत 'लॉसलेस कॉम्प्रेशन' निवडा.

इंकस्केपमध्ये चित्र आत घेताना 'एम्बेड' निवडा. 'लिंक' ठेवलं आणि एसव्हीजी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर पॅनेल रिकामं दिसतं.

सातवी तपासणी: काळवंडलेलं पान

स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद खोलीतला उजेड परतवतो. स्क्रीनचा उजेड कमी करत आणा, शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतकीच पांढरी दिसेपर्यंत. मग एकच पॅनेल घ्या, 'लेव्हल्स'मधल्या मधल्या आकड्याला १.०, १.१५, १.३ आणि १.४५ अशा चार किमती द्या आणि चारही एका ए४ कागदावर छापा. दिवसाउजेडी बघून जी पसंत पडेल तीच किंमत सगळ्या पॅनेलना लावा. एका कागदाच्या खर्चात बारा पानांची नासाडी वाचते.

आठवी तपासणी: कागद आणि प्रिंटर

जुलै-ऑगस्टात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. उघडं पडलेलं रीम (कागदाचा गठ्ठा) दोन दिवसांत ओलावा धरतं. कागद कडेला लाटेसारखा वाकतो, शाई तंतूतंतूंत पसरते, रेषेला पिसं फुटतात, कागद अडकतो. तपासायला नवं, न फोडलेलं रीम उघडून लगेच एक पान छापा. तेच चित्र स्वच्छ आलं तर प्रिंटर निर्दोष. उरलेला कागद झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घाला आणि छपाई झाल्यावर उरलेली काढून घ्या.

७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) झेरॉक्स कागदावर पाठपोट छापलं तर मागची काळी रेषा पुढे दिसते. किमान १०० जीएसएम घ्या. इंकजेटसाठी मॅट कोटेड कागद सर्वांत उत्तम. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा, त्यावर किती शाई सोडायची हे ठरतं. पीडीएफ छापताना 'ॲक्च्युअल साइज' ठेवा, 'फिट' नको. नाहीतर ठिपक्यांच्या लाटा इथेही परत येतात.

पांढऱ्या रेघा असतील तर प्रिंटरच्या 'मेन्टेनन्स'मधून नोझल (शाई सोडणारी छिद्रं) चेक छापा. तुटक रेषा दिसल्या तर हेड क्लीनिंग एकदा, पुन्हा चेक, हवं तर आणखी एकदा. तरी नाही सुटलं तर प्रिंटर रात्रभर तसाच राहू द्या, सुकलेली शाई मऊ व्हायला वेळ लागतो. सकाळी तिसरं क्लीनिंग. त्यानंतर थांबा.

नववी तपासणी: जुना फोटो पुन्हा स्कॅन करा

छापील जुन्या फोटोचं मोबाइलवर काढलेलं चित्र वापरलं असेल तर त्यात चमक आणि तिरपेपणा येतो. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. चेहरा कापून घ्यायलाही ते पुरतं. खडबडीत पृष्ठभागाच्या फोटोत मधमाशीच्या पोळ्यासारखा पोत येतो. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशात फिरवून स्कॅन करा, गिम्पमध्ये दोन्ही लेयर जुळवा आणि वरच्याची ओपॅसिटी ५० टक्के ठेवा. एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूच्या उजेडाने बरीच मरते.

सगळेच स्कॅन धुक्यातून काढल्यासारखे येत असतील तर स्कॅनरवर काळा कागद ठेवून स्कॅन करा. त्यातही पांढुरकी झाक आली तर काच वरून पुसून बघा. तरी राहिली तर बाष्प किंवा बुरशी काचेच्या आतल्या बाजूला आहे.

कुठे थांबायचं

स्कॅनर उघडू नका. आतली काच आणि सेन्सरची पट्टी नेमक्या अंतरावर बसवलेली असते. हे काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

तीन क्लीनिंगनंतरही नोझल बंद असेल तर चौथं करू नका. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या स्पंजात जाते आणि तो भरला की प्रिंटर चालेनासा होतो. इंजेक्शनने हेडमध्ये स्पिरिट सोडण्याचे उपाय सांगितले जातात, त्यांनी हेड कायमचं जाऊ शकतं. तंत्रज्ञाकडे जाताना तिन्ही नोझल चेकचे कागद तारखा घालून बरोबर न्या, त्यावरून कोणता रंग कधीपासून बंद आहे हे त्याला लगेच कळतं.

कॅबिनेटला किंवा प्रिंटरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काम तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. लेझर प्रिंटर घरगुती यूपीएसवर जोडू नका, तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बॅकअपसाठी पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसू नका. ती बंद ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मूळ फोटो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, पाणी लावू नका, हेअर ड्रायर लावू नका. त्याच्यावरचा रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. तो काचेसकट स्कॅनरवर ठेवा किंवा ढगाळ उजेडात मोबाइलने काचेसकट टिपा. कॉमिकला एवढं पुरतं. चेहऱ्यावर बुरशी असेल तर फडक्याने पुसू नका, आधी स्कॅन करा. डाग गिम्पच्या 'हील' टूलने स्कॅनवर काढता येतात.

२२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पुराचं पाणी घरांत शिरलं, तसं पुन्हा झालं आणि अल्बम भिजला, तर पानं एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. ओले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर झिपच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. एकदा चिकटून वाळलेली पानं मात्र घरी सोडवू नका. ती कागद आणि फोटोंच्या संवर्धकाकडेच द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल. तोवर अल्बम सपाट आणि कोरड्या जागी ठेवा, वर वजन ठेवू नका, आणि त्या पॅनेलची जागा कॉमिकमध्ये रिकामी सोडा.